घरची टेक्सास बीफ चिली: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

सॅन अँटोनियोला राहायला आल्यापासून दर हिवाळ्यात आमच्याकडे चिलीचं मोठं पातेलं चढतं आणि ते खाऊन गेलेली मंडळी नंतर फोन करून, मेसेज करून तेच तेच विचारतात. काही प्रश्न न्यू जर्सीहून येतात, काही टोरांटोहून, दोनचार पुण्याहून पण. ते सगळे इथे एकत्र केलेत, सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. चिली म्हणजे नक्की काय? मिरची ना?

नाव मिरचीवरूनच आलंय पण हा पदार्थ आहे. मूळ स्पॅनिश नाव चिली कॉन कार्ने, म्हणजे मांस घातलेली मिरची, आणि या नावात मिरची आधी येते हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. वाळलेल्या लाल मिरच्या भिजवून वाटायच्या, त्या वाटणात बीफचे तुकडे दोनअडीच तास मंद शिजवायचे, जिरं, लसूण, ओरेगानो, बस. आपल्याकडे मटणाचा रस्सा ज्याने केलाय त्याला हे अजिबात परकं वाटणार नाही.

आणि हे आमच्याच गावचं. १९ व्या शतकाच्या शेवटी सॅन अँटोनियोच्या चौकांमध्ये संध्याकाळी मेक्सिकन बायका कंदील लावून, लाकडी टेबलं मांडून चिली विकायच्या, त्यांना चिली क्वीन्स म्हणायचे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनियोच्या चिलीचा स्टॉल होता आणि तिथून ती बाकीच्या अमेरिकेला माहीत झाली. १९३० च्या दशकात आरोग्य खात्याचे नियम कडक झाले आणि त्या बायकांचे ठेले बंद पडले. १९७७ मध्ये टेक्सासने चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ केलं, पण त्या बायकांपैकी बहुतेकींची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

२. रेसिपीत तीन मोठे चमचे चिली पावडर लिहिलंय, मी आपलं लाल तिखट घातलं आणि कोणाला खाता आलं नाही. काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही, शब्दाने फसवलं. सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो. अमेरिकेत चिली पावडर म्हणजे तयार मसाला असतो, त्यात सौम्य मिरचीची पूड, जिरं, ओरेगानो, लसणाची पूड आणि कधीकधी मीठ पण. न्यू ब्रॉनफेल्स हे आमच्यापासून जवळच आहे, तिथे विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९० च्या दशकात असा मसाला विकायला सुरुवात केली, म्हणजे वर्षभर कधीही चिली करता यावी. आपलं तिखट म्हणजे नुसती मिरची आणि ती पण बऱ्याचदा संकेश्वरी किंवा गुंटूर, त्याचे तीन चमचे म्हणजे आगच.

घरात तिखटच असेल तर असं करा: तीन चमचे चिली पावडरच्या जागी दोन चमचे काश्मिरी किंवा ब्याडगी तिखट, एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्धा चमचा ओरेगानो, दोन पाकळ्या लसूण जास्त. हे चालतं. पण मी सांगेन की पावडर सोडा आणि अख्ख्या मिरच्या घ्या, कुठल्या ते प्रश्न ४ मध्ये.

३. बीफचा कुठला भाग घ्यायचा? खिमा चालेल का?

चक रोस्ट. खांद्याचा भाग आहे, जनावर आयुष्यभर चालताना तो वापरतं म्हणून त्यात पांढरे चिवट पडदे खूप असतात आणि मधून चरबी. हेच पडदे मंद आचेवर तासन्‌तास राहिले की विरघळून रश्श्याला दाटपणा देतात, पाया सूप जसं बोटांना चिकटतं तसं. कमी चरबीचा भाग घेतला, उदाहरणार्थ राउंड, तर तो कितीही शिजवला तरी कोरडा लागतो. टेंडरलॉइन वगैरे महाग भाग यात घालणं म्हणजे पैसे वाया.

तुकडे साधारण एक इंचाचे करा, शिजल्यावर आकसतात. पॅकेटमधलं स्ट्यू मीट मी घेत नाही कारण त्यात कुठकुठले भाग एकत्र असतात आणि एक तुकडा मऊ तर दुसरा चिवट होतो.

खिमा चालतो आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी पाऊण तासात जेवण होतं. ८०-२० घ्या, म्हणजे २० टक्के चरबीवाला. टेक्सासच्या दुकानात चिली ग्राइंड नावाने जाड दळलेला खिमा पण मिळतो, तो साध्या खिम्यापेक्षा कितीतरी चांगला कारण दाताखाली काहीतरी येतं. खिमा आतपर्यंत १६० फॅरनहाइट म्हणजे ७१ सेल्सियसला शिजायलाच हवा, चिलीत तो आरामात शिजतो.

४. मिरच्या कुठल्या घेऊ? इंडियन स्टोअरमधल्या चालतील?

मेक्सिकन दुकानात किंवा मोठ्या ग्रोसरीत मेक्सिकन सामानाच्या रांगेत वाळलेल्या मिरच्यांची पाकिटं असतात. मला या लागतात:

आंचो, म्हणजे वाळवलेली पोब्लानो. रुंद, काळपट, सुरकुतलेली, वास मनुकांसारखा, तिखट जवळजवळ नाहीच. पातेल्याचा रंग आणि गोडसर खोली हिच्यामुळे येते, तिच्याशिवाय मी करतच नाही.

ग्वाहियो, लांब, गुळगुळीत, विटकरी लाल. हिला थोडा आंबटपणा आणि सुंदर रंग असतो.

आर्बोल, बारीक आणि चांगली तिखट, दोन पुरतात. धुराचा वास हवा असेल तर चिपोटले, ती वाळवून धुरी दिलेली हालापेन्यो असते, एकच घाला नाहीतर बाकी काही लागत नाही.

आता आपल्या मिरच्या. ग्वाहियोच्या जागी ब्याडगी फार छान चालते, रंग तसाच, तिखटही आटोक्यात. आर्बोलच्या जागी लवंगी किंवा साधी तिखट लाल मिरची. अडचण आंचोची आहे, तिच्यासारखं आपल्याकडे काही नाही. आंचो मिळत नसेल तर ब्याडगी वाढवा आणि वाटणात सातआठ काळ्या मनुका टाका, मला हा उपाय आईने सुचवला आणि तो लागू पडतो. बाकी मिरची मुळात मेक्सिकोकडची, पोर्तुगीजांनी १६ व्या शतकात गोव्याला आणली आणि तिथून आपल्या स्वयंपाकघरात आली, म्हणजे ब्याडगी घालून चिली केली तर ती नातेवाईकच भेटतेय.

५. एकदा सगळी कृती प्रमाणासकट सांगा ना.

सहा ते आठ माणसांसाठी. तीन पाउंड म्हणजे साधारण १३५० ग्रॅम चक, ६ आंचो, ४ ग्वाहियो, २ आर्बोल, एक मोठा कांदा, ८ पाकळ्या लसूण, एक मोठा चमचा जिरं, दोन लहान चमचे मेक्सिकन ओरेगानो, चार कप बिनमिठाचा बीफ स्टॉक किंवा नुसतं पाणी, दोन मोठे चमचे मासा पीठ (चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, प्रश्न १४), एक लहान चमचा गूळ किंवा ब्राउन शुगर, शेवटी लिंबू किंवा व्हिनेगर.

मांस तासभर आधी मीठ लावून ठेवा, साधारण दोन लहान चमचे मीठ. मिरच्यांचं वाटण करून घ्या (प्रश्न ६). बिडाचं किंवा जाड बुडाचं पातेलं चांगलं तापवा, तेल घाला, आणि मांस थोडं थोडं करून खरपूस परता, एकदम सगळं टाकलं की पाणी सुटतं आणि मांस उकडतं, रंग येत नाही. मी सगळे तुकडे लाल करत बसत नाही, अर्धे नीट खरपूस झाले की पुरे, पण ते अर्धे मात्र खरंच खरपूस. मांस काढा, त्याच चरबीत कांदा गुलाबी करा, लसूण, भाजून कुटलेलं जिरं, ओरेगानो, आणि मग वाटण. वाटण पाचसात मिनिटं परतायचं, कडेने तेल सुटेपर्यंत, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग मांस परत आत, स्टॉक घाला, तळाला लागलेलं खरवडून घ्या, एक उकळी आणली की आच एकदम कमी, झाकण थोडं तिरकं ठेवा. दोन ते अडीच तास. नुसते बुडबुडे दिसले पाहिजेत, खदखदा उकळी नको.

तुकडा चमच्याने दाबल्यावर तुटला की झालं. मग मासा पाण्यात कालवून घाला, दहा मिनिटं ठेवा, गूळ, लिंबू, मीठ बघा. आणि गॅस बंद करून निदान अर्धा तास हात लावू नका.

६. मिरची भिजवून वाटली पण चिली कडू झाली. असं का?

जवळजवळ नेहमी एकच कारण, मिरची करपली. आंचो-ग्वाहियो आपल्या मिरच्यांसारख्या तेलात तळायच्या नाहीत. देठ आणि बिया काढा, कोरड्या तव्यावर एका बाजूला २०-३० सेकंद, वास आला की लगेच खाली. काळा डाग पडला तर ती मिरची फेकून द्या, जीव घाबरत असेल तर भाजूच नका, सरळ भिजवा.

कढत पाण्यात २०-३० मिनिटं, बुडून राहायला वर वाटी ठेवा. मग भिजवलेलं पाणी चाखून बघा, ही पायरी फार जण सोडतात. कडवट असेल तर ते ओतून द्या आणि स्टॉक घालून वाटा, नसेल तर तेच पाणी वापरा. मिक्सरमधून अगदी गंधासारखं बारीक, आणि ग्वाहियोची सालं जाड असतात म्हणून गाळणीतून चमच्याने दाबून काढा. चोथा टाकायचा.

तरीही शेवटी थोडा कडूपणा राहिला तर गूळ अर्धा चमचा आणि थोडं मीठ, बरंच झाकलं जातं. खरंच करपलेलं असेल तर मात्र काही उपाय नाही.

७. राजमा घालायचा की नाही? टेक्सासमध्ये भांडणं होतात म्हणे.

होतात. १९६७ मध्ये टेक्सासच्या वाळवंटात टर्लिंग्वा नावाच्या ओसाड गावात चिलीची पहिली मोठी स्पर्धा झाली, टेक्सासचे विक फाउलर विरुद्ध न्यूयॉर्कचे लेखक एच. ॲलन स्मिथ, आणि निकाल बरोबरीत सुटला. तिथे आजही दर नोव्हेंबरला स्पर्धा भरतात आणि नियम स्पष्ट आहे, पातेल्यात राजमा, भात, मॅकरोनी काही चालत नाही.

मी राजमा घालत नाही. कारण नियम नाही, कारण चव. राजमा मिरचीचा रस शोषून घेतो आणि पिठूळ करतो, मग ज्या वाटणासाठी एवढी मेहनत घेतली ते मागे पडतं. पण मुलांना हवा असेल तर मी वेगळा शिजवून वाटीत ठेवतो, ज्याला हवा त्याने वरून घ्यावा. खिम्याच्या चिलीत घातला तर मला वाईट वाटत नाही, तिथे तो पोट भरायला उपयोगी आहे. कोरडा राजमा असेल तर प्रश्न ८ वाचल्याशिवाय करू नका.

८. कोरडा राजमा रात्री भिजवून सकाळी स्लो कुकरमध्ये मांसाबरोबर टाकला तर?

नका करू, प्लीज. कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं, चारपाच कच्चे दाणे पोटात गेले तरी दोनतीन तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब होतात. ते घालवायला खळखळ उकळी लागते. स्लो कुकर बऱ्याचदा तेवढा तापतच नाही आणि अर्धवट उष्णतेत ते द्रव्य कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं.

आपल्याकडे राजमा कुकरला लावतात म्हणून आपल्याला हे माहीत नसतं. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा किंवा सरळ कुकरमध्ये मऊ करा, आणि मगच चिलीत. डब्यातला राजमा शिजवलेलाच असतो, तो धुवून घाला.

९. टोमॅटो?

थोडा चालतो. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन इथल्या पेडर्नालेस नदीकाठचे, त्यांच्या घरच्या चिलीची मागणी इतकी यायची की व्हाइट हाउसमधून छापील कार्डं पाठवायचे, त्या रेसिपीत टोमॅटो आहे आणि राजमा नाही. मी एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट कांद्याबरोबर परततो, एवढंच. मोठमोठे डबे ओतले की पास्त्याचा सॉस होतो.

१०. आलं-लसूण पेस्ट, गरम मसाला, धणेपूड घातली तर छान नाही का लागणार?

छान लागेल, पण तो बीफचा रस्सा होईल. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं थोडा गरम मसाला टाकत होतो, मग एकदा इथल्या एका शेजारणीकडे, तिची आजी मेक्सिकोतल्या मोंतेरेची, फक्त मिरची, जिरं, लसूण, ओरेगानो आणि मीठ एवढ्यावर केलेली चिली खाल्ली आणि कळलं की मी लवंग-दालचिनीने काय झाकत होतो. आंचोचा तो मनुका-तंबाखूसारखा वास फार हळवा असतो. तेव्हा पहिल्यांदा तरी साधी करा.

जिरं मात्र हात सैल सोडून. सॅन अँटोनियोला १७३१ मध्ये कॅनरी बेटांवरून लोक येऊन वसले, जिऱ्याची आवड त्यांनी आणली असं इथे मानतात, ते काही असो, टेक्सासच्या चिलीत जिरं जास्तच असतं. ओरेगानो मेक्सिकन घ्या, पिझ्झावरचा ओरेगानो पुदिन्याच्या कुळातला आणि हा वेगळ्याच कुळातला, वास थोडा लिंबासारखा.

दालचिनी हवीच असेल तर सिनसिनाटी चिली करा. १९२२ मध्ये मॅसेडोनियातून आलेल्या किराजिएफ भावांनी ती सुरू केली, बारीक खिमा, दालचिनी वगैरे मसाले, आणि ती स्पॅगेटीवर घालून वर चीज. तो वेगळा पदार्थ आहे आणि त्याच्या जागी चांगला आहे.

११. इन्स्टंट पॉटमध्ये किती वेळ?

एक-दीड इंचाचे तुकडे, हाय प्रेशर ३५ मिनिटं, मग १५ मिनिटं आपोआप वाफ जाऊ द्या. परतणं आणि वाटणाला तेल सुटणं हे आधी व्हायलाच हवं, ते वगळलं तर कच्चट लागते. बर्नचा मेसेज येतो तो तळाला वाटण चिकटल्यामुळे, म्हणून स्टॉक घातल्यावर लाकडी चमच्याने तळ पूर्ण खरवडा आणि मासा आधी घालू नका. पाणी आटत नाही म्हणून स्टॉक चारऐवजी अडीच कपच, आणि झाकण उघडल्यावर सॉटे मोडवर दहा मिनिटं उकळू द्या. साध्या शिट्टीच्या कुकरमध्ये पण होते, पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर अर्धा तास.

१२. आणि स्लो कुकर?

लो वर आठ तास. तयारी प्रश्न ५ सारखीच, स्टॉक तीन कप, मासा शेवटच्या अर्ध्या तासात. गोठलेलं मांस थेट टाकू नका, ते फार वेळ कोमट राहतं.

१३. दीड तास झाला तरी मांस रबरासारखं आहे, आता काय करू?

काही करू नका, थांबा. चक मध्यावर असताना सगळ्यात चिवट लागतो, आणि लोक नेमके तिथे घाबरून आच वाढवतात. त्यातले पडदे साधारण ७० सेल्सियसच्या वर हळूहळू विरघळतात आणि त्याला वेळच लागतो, आच वाढवली तर मांसाचे धागे आवळून रस बाहेर टाकतात. पाणी कमी झालं असेल तर कढत पाणी अर्धा कप घाला आणि अजून पाऊण तास द्या. अडीच तासांनंतरही कोरडं आणि भुसभुशीत असेल तर तो भाग चकचा नव्हता, मग तुकडे काट्याने उसवून रश्श्यात मिसळून टाका, खाताना कळत नाही.

१४. पातळ झाली. मक्याचं पीठ किंवा कॉर्नफ्लोर घालू?

कॉर्नफ्लोरने चायनीज सूपसारखी चकाकी येते, मला नको वाटते. मासा हारिना वापरा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुवून दळलेलं पीठ असतं ते, चुन्यामुळे त्याला एक खास वास येतो, टॉर्टियाचा वास तोच. आपलं मक्याचं पीठ नुसतं दळलेलं असतं म्हणून त्याला तो वास नाही आणि ते नीट मिळून पण येत नाही. मासा नसेल तर दोन कॉर्न टॉर्टिया फाडून वाटणातच वाटून टाका. त्याआधी झाकण काढून वीस मिनिटं आटवून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

१५. फार तिखट झाली, पाहुणे अर्ध्या तासात येणार.

पाणी ओतू नका, तिखट पाण्यात मिसळत नाही. स्टॉक आणि थोडा जास्त मासा घाला, गूळ घाला, लिंबू घाला. वाढताना वर सावर क्रीम किंवा घट्ट दही आणि किसलेलं चेडर, दुधातलं प्रथिन तिखटाला धरून घेतं म्हणून याने सगळ्यात जास्त फरक पडतो. शक्य असेल तर डब्यातला राजमा घाला, अशा वेळी मी पण घालतो. खारट झाली तर बिनमिठाचा स्टॉक वाढवणं आणि जास्त माणसांना बोलावणं हाच उपाय.

१६. वर तेलाचा लाल थर येतो तो काढायचा का?

कोल्हापूर-नागपूरचे लोक हे विचारत नाहीत, त्यांना ती तर्री हवीच असते. मिरचीचा रंग आणि वास चरबीत उतरलेला असतो, सगळी काढली तर चव जाते. अर्धा सेंटिमीटरपेक्षा जाड थर असेल तर थोडी काढून वाटीत ठेवा, दुसऱ्या दिवशी त्यात अंडी परतून बघा. पथ्य असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वरची चरबी घट्ट होते आणि उचलता येते.

१७. कशाबरोबर खायची? भाताबरोबर चालेल?

इथे कॉर्नब्रेड, खारी सॉल्टाइन बिस्किटं, किंवा फ्रिटोज या मक्याच्या चिप्सची पिशवी बाजूने कापून त्यात चिली, वर कांदा आणि चीज, याला फ्रिटो पाय म्हणतात आणि शाळांच्या फुटबॉल मॅचला हेच खातात. आपल्या मंडळींना विचाराल तर ज्वारीची भाकरी, चिली आणि वर कच्चा कांदा, लिंबू. मक्याच्या भाकरीबरोबर तर फारच जमतं. भात चालतो पण गरम मऊ भातावर चिली सैल होते.

१८. आदल्या दिवशी केली तर चालेल? किती दिवस टिकते?

आदल्या दिवशीच करा, दुसऱ्या दिवशी नक्की जास्त चांगली लागते. फक्त रात्रभर ओट्यावर ठेवायची सवय असेल तर ती इथे मोडा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे, मोठं पातेलं आत गार व्हायला फार वेळ घेतं म्हणून उथळ डब्यांत वाटून ठेवा. फ्रिजमध्ये तीनचार दिवस, फ्रीझरमध्ये दोनतीन महिने उत्तम. गरम करताना उकळी यायला हवी, आणि लिंबू परत थोडं पिळा.

१९. मिरच्या साफ करून हातांची आग होतेय, साबणाने जात नाही.

आधी तेल चोळा, मग भांड्याचा साबण, मग पाणी. तिखट तेलात विरघळतं. डोळ्यांना आणि लेन्सला त्या दिवशी हात लावू नका. पुढच्या वेळी हातमोजे.

२०. मी पुण्यात आहे, इथे बीफ कसं करणार?

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, त्यामुळे या पानावरची रेसिपी जशीच्या तशी तिथे करायची नाही. म्हैस-रेड्याचं मांस त्या बंदीत येत नाही, परवाना असलेल्या दुकानातून ते घेऊन फार चांगली चिली होते. ते गडद असतं, चरबी कमी, धागा जाड, म्हणून तीन ते साडेतीन तास धरा आणि सुरुवातीला तेल दुप्पट.

नाहीतर बोकडाचं मटण, खांदा किंवा मान, हाडांसकट. वेळ दीड ते पावणेदोन तास. कार्ने म्हणजे फक्त मांस, बीफच हवं असं नावात कुठे नाही, जॉन्सनसाहेबांना तर हरणाच्या मांसाची आवडायची. आंचो पुण्यात सहज मिळणार नाहीत, त्यासाठी प्रश्न ४ मधला ब्याडगी-मनुकांचा उपाय.

२१. गोव्याची बीफ चिली फ्राय हीच का?

नाही. ती शिजवलेल्या बीफचे पातळ काप, कांदा, हिरव्या मिरच्या, व्हिनेगर, मोठ्या आचेवर परतून कोरडी, पावाबरोबर खायची. तिच्यात हिरवी मिरची, हिच्यात वाळलेली लाल. उरलेली चिली पावाबरोबर मात्र जरूर खा.

२२. मंडळाच्या पॉटलकला नेऊ का? सगळे बीफ खात नाहीत.

हा प्रश्न दिसायला छोटा आहे पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्याने आयुष्यभर बीफ खाल्लं नाही त्याच्या ताटात ते चुकून जाणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि चिली दिसते अगदी मटणाच्या रश्श्यासारखी. आयोजकांना आधी विचारा, नको म्हणाले तर मटणाची न्या. न्यायचीच असेल तर मराठीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरात बीफ असं लिहिलेली चिठ्ठी, भांडं वेगळ्या टेबलावर, आणि डाव तिथेच दोरीने बांधलेला, कारण डाव इकडून तिकडे जातो. लहान मुलं स्वतः वाढून घेतात तिथे मी नेतच नाही.

आमच्या घरी आई कोल्हापूरहून येते तेव्हा ती बीफ खात नाही. त्या दिवसांत मी मिरच्यांचं वाटण दुप्पट करतो, अर्धं बिडाच्या पातेल्यात आमच्यासाठी, अर्धं तिच्या पितळी पातेल्यात बोकडाच्या मटणाला, चमचे वेगळे, पाटासुद्धा वेगळा. आईचं मटण आधी शिजतं, मग ती खुर्ची ओढून आमच्या पातेल्यापाशी बसते आणि आतलं काही न चाखता नुसत्या वासावरून सांगते, अजून अर्धा तास राहू दे.